छात्राध्यापकांसाठी अवकाशविज्ञानाचं शोधाधारित साहित्य कसं निवडता?

सावलीकाठी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी भावी शिक्षकांना विज्ञानाची अध्यापन पद्धती शिकवते. अवकाशविज्ञानासाठी माझ्या वाट्याला दोन-दोन तासांची बारा सत्रं येतात. साहित्याची कमतरता नाही, उलट ढीग पडलाय. कृतिपत्रिका, संच, चित्रफिती, संगणकावरची आभासी प्रारूपं, सगळ्यांच्या मुखपृष्ठावर 'शोधाधारित' लिहिलेलं. त्यातलं नेमकं काय घ्यायचं, हा माझा प्रश्न आहे.

मागच्या तुकडीला मी चंद्रकलांची एक कृतिपत्रिका दिली होती. आठ चित्रं कापायची, क्रमाने चिकटवायची, खाली नावं लिहायची. वीस मिनिटांत सगळ्यांच्या पत्रिका बिनचूक. मग मी विचारलं, "चंद्र अर्धा दिसतो तेव्हा उरलेला अर्धा का दिसत नाही?" बऱ्याच जणांनी लिहिलं, त्यावर पृथ्वीची सावली पडते म्हणून. पत्रिका बरोबर आणि समज चूक, दोन्ही एकाच हातातल्या कागदावर. हीच मुलं वर्षभरात वर्गावर उभी राहणार, याने मला फार अस्वस्थ केलं.

तेव्हा पत्रिका बाजूला ठेवली आणि महिनाभर चंद्राची नोंदवही ठेवायला सांगितली. दिसला तर वेळ, दिशा आणि आकार. नाही दिसला तर 'नाही दिसला'. वद्य अष्टमीच्या आसपास एक छात्राध्यापिका सकाळी नऊला धावत आली आणि सगळ्या वर्गाला बाहेर घेऊन गेली. पश्चिमेकडे अर्धा चंद्र, पूर्वेकडे सूर्य. ती म्हणाली, "सूर्य इकडे, चंद्र तिकडे, आणि पृथ्वी आपल्या पायाखाली. मग सावली त्याच्यावर पडेल कशी?" मी तिच्या हातात एक पांढरा चेंडू दिला आणि उन्हात, हात लांब करून, चंद्राच्या शेजारी धरायला सांगितलं. चेंडूचा उजळलेला भाग आणि चंद्राचा उजळलेला भाग अगदी सारखा! एकेक जण पुढे येऊन तिच्या खांद्यावरून बघत होता. त्यानंतर सावलीचं उत्तर कुणी दिलं नाही.

असं प्रत्येक घटकासाठी मला जमत नाही. म्हणून विचारते, तुम्ही साहित्य पारखता कसं?

पृच्छक

ताई, तो चेंडूचा प्रसंग फार आवडला. माझी एक साधी कसोटी सांगतो. कृतिपत्रिका हातात आली की आधी उत्तर कुठे छापलंय ते बघायचं. पहिल्या परिच्छेदातच 'चंद्राच्या कला सूर्य, पृथ्वी व चंद्र यांच्या सापेक्ष स्थानांमुळे दिसतात' असं असेल आणि खाली त्याची कृती असेल, तर तो शोध नाही, ती पडताळणी आहे. मग तो परिच्छेद झाकायचा आणि पुन्हा वाचायचं. करण्यासारखं, वाद घालण्यासारखं काही उरतं का? उरत असेल तर साहित्य चांगलं आहे, फक्त क्रम चुकलाय. उरत नसेल तर सोडून द्या.

शोधाच्या चार पायऱ्या तुम्हाला माहीत असतीलच: पडताळणी, आखीव, मार्गदर्शित आणि मुक्त. आखीवमध्ये प्रश्न आणि पद्धत शिक्षकाची, निष्कर्ष विद्यार्थ्याचा. मार्गदर्शितमध्ये प्रश्न तेवढा शिक्षकाचा. मुक्तमध्ये प्रश्नसुद्धा विद्यार्थ्याचा. अनेक जण उत्साहात थेट मुक्तवर उडी मारतात आणि वर्ग भरकटतो. छात्राध्यापकांसाठी मी आखीवपासून सुरू करतो आणि बारा सत्रांत मार्गदर्शितपर्यंत पोचलो तरी समाधान मानतो. त्यांना एकच पत्रिका द्यायची आणि 'हिला एक पायरी वर न्या' म्हणायचं. हा सराव दहा तयार पत्रिका वापरण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे.

कृत्तिका७

वाचनखूण साठवली. चेंडूचा प्रयोग उद्याच करणार.

सावलीकाठी

@कृत्तिका७, आधी चंद्र दिवसा वर आहे का ते बघा. पौर्णिमेच्या आसपास हा प्रयोग जमत नाही, दोन्ही अष्टम्यांच्या आसपास छान जमतो. शुद्ध अष्टमीला दुपारनंतर, वद्य अष्टमीला सकाळी. खरं तर हे तुमच्या विद्यार्थ्यांनाच नोंदवहीतून शोधू दिलं तर उत्तम.

खडूफळा

मी थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. छात्राध्यापकांकडे मुळात आशय कमी असतो. सराव पाठ पस्तीस मिनिटांचा, पाठ टाचणात उद्दिष्टं, अध्ययन अनुभव, मूल्यमापन सगळं बसवायचं. ज्याला ऋतू का होतात हेच पक्कं माहीत नाही त्याला 'शोधा' म्हणून सोडून देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं. २००६ साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तीन शिक्षण-संशोधकांनी एका लेखात नवशिक्यांच्या बाबतीत नेमकं हेच मांडलं होतं: मार्गदर्शन किमान ठेवलं की नवशिक्याच्या कार्यकारी स्मृतीवर (एका वेळी मनात धरता येतं तेवढ्यावर) ताण येतो आणि शिकणं होत नाही. स्पष्ट, नीट समजावून सांगण्याला आपण उगाच कमी लेखतो.

सावलीकाठी

सर, राग कसला! नवशिक्याला वाऱ्यावर सोडायचं नाही, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. त्या लेखाला पुढच्याच वर्षी उत्तर दिलं गेलं, त्यातही मुद्दा हाच होता की चांगल्या शोधाधारित अध्यापनात आधार भरपूर असतो, तो काढून घेतलेला नसतो.

मी समजावून सांगतेच. फक्त कधी सांगायचं, यावर माझा भर आहे. १९८७ च्या सुमारास आलेल्या पाच पायऱ्यांच्या प्रतिमानात क्रम असा आहे: उत्सुकता जागवणं, धुंडाळणं, स्पष्टीकरण, विस्तार, मूल्यमापन. स्पष्टीकरण तिसरं येतं. नोंदवहीत पंधरा दिवस चंद्र काढलेल्या मुलीला मी दहा मिनिटं समजावलं तर ती दहा मिनिटं कामी येतात. त्याआधी तेच सांगितलं तर ते पाठ होतं आणि जुनी समज खाली तशीच राहते.

त्याच १९८७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात नुकतेच पदवीधर झालेले विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा २३ जणांना ऋतू किंवा चंद्रकला का होतात हे विचारलं गेलं. २१ जणांची उत्तरं चुकली, आणि ऋतूंबद्दल तर बहुतेकांनी सूर्याच्या जवळ-लांब असण्याचं कारण दिलं. त्यांना कुणी समजावून सांगितलं नसेल असं नाही ना वाटत?

दोन_चेंडू

ऋतूंचा विषय निघालाच आहे तर माझी तक्रार मांडतो. साहित्यातली आकृती बघा, मजकूर नंतर. पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी लांबट काढलेली असेल तर ते साहित्य मी ऋतूंसाठी वापरत नाही. चित्रकाराने तिरप्या कोनातून बघितलेलं वर्तुळ काढलेलं असतं, पण वाचणाऱ्याच्या मनात 'उन्हाळ्यात जवळ, हिवाळ्यात लांब' हे पक्कं बसतं.

यावर करायला लावण्यासारखी एक कृती आहे. पृथ्वीच्या कक्षेची विकेंद्रता (कक्षा वर्तुळापेक्षा किती लांबट आहे याचं माप) ०.०१६७. छात्राध्यापकांना सांगा, १० सेंटिमीटर त्रिज्येची कक्षा प्रमाणात काढा. केंद्रापासून सूर्य सरकतो जेमतेम १.७ मिलिमीटर, आणि वर्तुळाचा चपटेपणा इतका कमी की पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीत तो हरवतो. कंपासने काढलेलं वर्तुळ आणि पुस्तकातलं अंडं शेजारी ठेवा. मग विचारा, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि सर्वांत लांब, सुमारे १५.२१ कोटी किलोमीटरवर, जुलैच्या सुरुवातीला. उत्तर गोलार्धात तेव्हा कोणता ऋतू असतो? इथे अंतराची कल्पना स्वतःहून कोसळते. त्यानंतर पृथ्वीच्या अक्षाचा २३.४ अंशांचा कल आणायचा.

दुसरी कृती माझ्या नावातच आहे. वेगवेगळ्या मापांचे चेंडू टेबलावर ठेवा. आधी विचारा, हा पृथ्वी धरला तर चंद्र कोणता? मग, त्याला किती लांब ठेवाल? पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, चंद्राचा ३,४७४. म्हणजे पृथ्वी १२ सेंटिमीटरची तर चंद्र साधारण सव्वातीन. अंतर सरासरी ३,८४,४०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीचे तीस व्यास, आपल्या मापात ३.६ मीटर! जवळपास सगळे वीतभर अंतरावर ठेवतात, कारण सगळ्या पुस्तकांत तो तसाच काढलेला असतो. चंद्र हातात घेऊन वर्गाच्या दुसऱ्या टोकाला चालत गेलेला माणूस ते अंतर विसरत नाही. ग्रहणं दर महिन्याला का होत नाहीत, याकडेही इथूनच जाता येतं. चंद्राच्या कक्षेचा सुमारे ५ अंशांचा कल साडेतीन मीटरवर घेतला की चंद्र तीसेक सेंटिमीटर वर-खाली जातो, आणि सावली चुकते हे डोळ्यांना दिसतं.

पृच्छक

@दोन_चेंडू, +१. त्याला जोडून दिवा आणि चेंडूच्या कृतीबद्दल. अंधाऱ्या खोलीत दिवा सूर्य, डोकं पृथ्वी, काडीवरचा चेंडू चंद्र. कृती उत्तम आहे, पण चेंडू डोक्याच्या मागे गेला की डोक्याची सावली त्यावर पडते आणि 'बघा, सावलीच पडते' असं काही जण म्हणतात. चेंडू थोडा वर धरा, ही सूचना पत्रिकेत आहे का ते मी आवर्जून बघतो. ती ओळ असेल तर लिहिणाऱ्याने कृती खऱ्या वर्गात करून पाहिली आहे असं समजायला हरकत नाही.

विवरवेडा

मला विवरांच्या कृतीबद्दल बोलायचंय, कारण ती जवळपास प्रत्येक संग्रहात असते. ट्रेमध्ये वाळू, वर रंगीत भुकटीचा पातळ थर, त्यावर गोट्या सोडायच्या. उंची बदला, वजन बदला, विवराचा व्यास मोजा. एका वेळी एकच चल बदलायचं, तीनदा मोजून सरासरी काढायची, आलेख काढायचा, हे शिकवायला इतकी सोपी आणि आनंदाची कृती दुसरी नाही. आतून उडालेले किरणासारखे पट्टे पाहून सगळे खूश होतात.

पण पत्रिका इथेच थांबली तर मी ती अपुरी मानतो. गोटी तिरकी मारून बघा, खड्डा लांबट होतो. आता चंद्राचं चित्र लावा. तिथली विवरं जवळपास सगळी गोल! सगळे दगड सरळ वरूनच पडले का? हा प्रश्न विचारणारं साहित्य माझ्यासाठी सोन्यासारखं आहे. आपली गोटी सेकंदाला काही मीटर वेगाने पडते, अवकाशातला दगड सेकंदाला दहा-वीस किलोमीटरने. त्या वेगाला तो खड्डा खणत नाही, आदळताक्षणी स्फोटासारखी ऊर्जा बाहेर पडते, आणि स्फोटाचा खड्डा गोलच होतो. अगदीच घासून जाणारी धडक असेल तरच लांबट. म्हणजे ट्रेमधलं प्रारूप कुठे चालतं आणि कुठे मोडतं, हे छात्राध्यापकांना स्वतः शोधता येतं. प्रारूपाच्या मर्यादा ओळखता येणं मला विवराच्या व्यासापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

याला जोडून मी ॲरिझोनातल्या विवराची गोष्ट सांगतो. सुमारे १.२ किलोमीटर रुंद, १७० मीटर खोल. १८९१ मध्ये गिल्बर्ट नावाचा अतिशय काटेकोर भूवैज्ञानिक तिथे गेला. त्याचा तर्क असा की लोखंडी अशनी (अवकाशातून आलेला गोळा) आदळला असेल तर तो खाली पुरलेला असणार. मग चुंबकसूचीवर परिणाम दिसेल, आणि कडेला साठलेला माल खड्ड्यात मावणाऱ्या मालापेक्षा जास्त भरेल. त्याने दोन्ही मोजलं, दोन्ही नाही मिळालं, म्हणून त्याने वाफेचा भूगर्भीय स्फोट असा निष्कर्ष काढला. पुढे खाणअभियंता बॅरिंजर यांनी ते लोखंड खणून काढायला वर्षानुवर्षं घालवली. मोठा गोळा सापडलाच नाही, कारण अशनीचा बहुतेक भाग धडकेतच वितळून आणि वाफ होऊन उधळला होता. १९६० मध्ये भूवैज्ञानिक शूमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे कोएसाइट हे प्रचंड दाबाखालीच तयार होणारं खनिज दाखवलं, तेव्हा धडकेची बाजू पक्की झाली.

ही गोष्ट मी उत्तर न सांगता, पुराव्यांच्या चिठ्ठ्या करून वाटतो. गिल्बर्टच्या चिठ्ठ्या मिळालेला गट अगदी प्रामाणिकपणे चुकीच्या निष्कर्षाला येतो. नीट विचार करूनही माणूस चुकू शकतो आणि नवा पुरावा आला की मत बदलतो, हे भावी शिक्षकाने एकदा तरी स्वतः अनुभवावं असं मला मनापासून वाटतं.

खडूफळा

विवरवेडा, चिठ्ठ्यांची कल्पना पस्तीस मिनिटांत बसते. हे मी करून बघणार. आणि इथे मार्गदर्शनही पुरेसं आहे, माझा आक्षेप या कृतीला लागू होत नाही.

ढगाळरात्र

आकाश ढगाळ असेल, आंतरजाल नसेल, दुर्बीण नसेल तर काय करता?

दोन_चेंडू

ढग असतील तर चेंडू, दिवा आणि चिठ्ठ्या. ऊन असेल तर उभी काठी आणि सावली, त्याला काहीच लागत नाही. दर अर्ध्या तासाला टोकाची खूण करायची. सर्वांत आखूड सावली घड्याळात बारा वाजता पडत नाही, हे कळलं की वर्ग आपोआप प्रश्न विचारू लागतो.

निरीक्षक_क

आंतरजाल आहे त्यांच्यासाठी थोडं. अॅस्ट्रोएज्यू या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या संग्रहातली प्रत्येक कृती एक शिक्षणतज्ज्ञ आणि एक खगोलशास्त्रज्ञ असे दोघं तपासतात, म्हणून मी शोध तिथून सुरू करते. सूर्याची रोजची चित्रं सोहो आणि सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी या यानांकडून मोफत मिळतात. लागोपाठच्या आठ-दहा दिवसांच्या चित्रांवर पारदर्शक कागद ठेवून एकच डाग गिरवायचा आणि सूर्याला एक फेरी घ्यायला किती दिवस लागतात ते काढायचं. पृथ्वीवरून बघताना ते साधारण २७ येतात, पण हा आकडा आधी सांगू नका. कुणाचे २५ येतील, कुणाचे २९, आणि मग फरक का आला यावर जी चर्चा होते ती खरी शिकवणी.

स्टेलॅरियम हे संगणकावर आकाश दाखवणारं प्रारूप मलाही आवडतं, पण एक भेद छात्राध्यापकांपुढे स्पष्ट ठेवा. सोहोचं चित्र हे निरीक्षण आहे, स्टेलॅरियमचं आकाश हे गणित आहे. त्यात उत्तर आधीच भरलेलं असतं. म्हणून मी क्रम असा ठेवते: आधी स्वतःच्या डोळ्यांनी दोन रात्री, मग 'उद्या याच वेळी चंद्र कुठे असेल' याचा लेखी अंदाज, आणि मग स्टेलॅरियम. अंदाज लिहायच्या आधी ते उघडलं की सगळे पडद्याकडे बघतात, आकाशाकडे कुणी नाही.

शब्दवेल्हाळ

भाषेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी अशा पत्रिका मराठीत आणते. चांगली कृतीसुद्धा एका शब्दाने बिघडते. 'शून्य गुरुत्वाकर्षण' हा शब्द घ्या. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं, तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास नऊ-दशांश असतं. ते नसतं तर स्थानक पृथ्वीभोवती फिरलंच नसतं. यान आणि आतली माणसं सतत एकत्र पडत असतात म्हणून वजन जाणवत नाही. मी तिथे 'वजनरहित अवस्था' लिहिते आणि तोंडीसुद्धा तेच म्हणायची सवय लावते. तसंच उल्का आणि अशनी. आकाशात चमकून जाते ती उल्का, जमिनीवर येऊन पडतो तो अशनी. कृतिपत्रिकेत दोन्हींसाठी एकच शब्द असेल तर मी आधी तो दुरुस्त करते. आणि 'तारा तुटला' हे मुलं म्हणणारच, त्यांना थांबवू नका. तिथूनच विचारा, तुटलेला तारा दुसऱ्या रात्री त्याच्या जागी असतो का?

सावलीकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल एक सत्र घेतलं, ते सांगते. सुईछिद्रातून सूर्याची प्रतिमा. सूर्याकडे पाठ, कार्डाला बारीक छिद्र, एक मीटरवर पांढरा कागद. छिद्रातून सूर्याकडे बघायचं नाही हे तीनदा सांगितलं आणि लेखी पण दिलं. मापं आली ८ ते ११ मिलिमीटर. अंतर १४.९६ कोटी किलोमीटर दिलं होतं, सूर्याचा व्यास त्यांनी समरूप त्रिकोणांनी काढला. एका गटाचा १३.५ लाख किलोमीटर आला, खऱ्या १३.९ लाखांच्या इतका जवळ! त्या गटातला एक जण कागदाकडे बघतच राहिला. म्हणाला, "हे आम्ही पुठ्ठ्याने मोजलं?"

पत्रिकेचा उत्तर छापलेला खालचा अर्धा भाग मी आधीच कापून ठेवला होता.

ढगाळरात्र

छिद्र चौकोनी केलं तर प्रतिमा चौकोनी येईल ना?

सावलीकाठी

करून बघा आणि इथे लिहा. कागद जवळ आणि लांब, दोन्हीकडे धरून बघा.

ढगाळरात्र

आज ऊन पडलं. ५ मिलिमीटरचा चौकोन कापला. वीतभर अंतरावर स्वच्छ चौकोन, अडीच मीटरवर गोल. मधे कुठेतरी कोपरे विरघळत जातात. नेमकं कुठे, ते उद्या मोजपट्टी लावून बघतो, आणि तीन मिलिमीटरचाही कापतो.